सायकलीवरून नाणेघाट

जुन्नरहून चावंड, घाटघर करीत आम्ही चौघे सायकलींवर नाणेघाटाच्या माथ्यावर पोहोचलो. चढाने पोटऱ्या भरून आल्या होत्या. पण कड्याखाली कोकण आणि बाजूला जीवधन किल्ला पाहिला अन् शीण गेला. सातवाहनकाळी जुन्नर-कल्याण व्यापार याच वाटेने चाले. गुहेतल्या ब्राह्मी लेखात गायी, घोडे, कार्षापणे दान दिल्याचे आकडे आहेत. आम्ही कारकून माणसे, आकड्यांपाशीच रेंगाळलो! घाटातून माल वाहणाऱ्या हमालांची मात्र त्यात नोंद नाही. त्यांचे ओझे काय असेल, ते उतरताना कळले. दगडी वाटेवर चाक चालेना. सायकली खांद्यावर घेऊन, पायरी चाचपीत वैशाखऱ्याला उतरलो. वाचकहो, जाणार असाल तर पावसाळ्यात सायकल नेऊ नका. दगड फार निसरडे होतात.