नायगावचा पाझर तलाव

पुरंदर म्हटले की डोळ्यांपुढे किल्ला उभा राहतो, नाहीतर जेजुरीचा भंडारा. मी मात्र निघालो होतो एक मातीचा बांध पाहायला. सासवड मागे टाकून पूर्वेकडे जावे, तसा सह्याद्रीने पावसाचा केवढा वाटा स्वतःकडेच ठेवून घेतला आहे ते कळू लागते. उघडे माळ, मधूनच एखादी अंजिराची किंवा सीताफळाची बाग.

पाझर तलावाकडे पाहून कोणी थबकणार नाही. त्याला ना दरवाजे, ना कालवा. ओढ्याला माती आडवी घालायची, पाण्याच्या अंगाला दगड रचायचे आणि जादा पाणी सांडव्याने काढून द्यायचे. कारण मातीच्या बांधाच्या माथ्यावरून पाणी गेले की बांध फुटलाच म्हणून समजावे. अडलेले पाणी हळूहळू मुरते आणि खालच्या विहिरींत उतरते.

१९७२ च्या दुष्काळात या तालुक्यातली माणसे खडी फोडत होती. ते पाहून पुण्याचे कारखानदार इंजिनिअर विलासराव साळुंखे अस्वस्थ झाले. १९७४ साली त्यांनी नायगावच्या देवस्थानाची ४० एकर माळजमीन कराराने घेतली. उतारावर बांध घातले, पायथ्याशी पाझर तलाव केला, त्याच्या खाली विहीर खणली आणि तिचे पाणी पुन्हा माळावर चढवले.

पण पाणी अडवण्याहून ते वाटणे कठीण. आमच्याच घरी विहिरीच्या पाळीवरून दोन चुलतभावांचे बोलणे तुटले, ते शेवटपर्यंत. म्हणून इथे जन्मलेल्या पाणी पंचायतीचे नियम मला बांधाहून मोठे वाटले. पाणी एकरांवर नव्हे, घरातल्या माणसांवर: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला फार तर अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही. खर्चाचे २० टक्के शेतकऱ्यांनी आपल्या पदरचे घालायचे. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जायचा नाही.

साळुंखे २००२ साली गेले. बांधावर एक म्हातारे शेतकरी भेटले. त्यांना विचारले, "बाबा, या पाण्याचा मालक कोण?"

ते हसले. "मालक कुठला आलाय, साहेब? पाऊस झाला तर समदेच मालक. न्हाय झाला तर कुणीबी न्हाय."

परतीच्या वाटेवर मला आमची विहीर आठवत राहिली. तिला पाणी काही कमी नव्हते.