आधी जागा सांगा

हातात धरून बोलायचा जुना वॉकीटॉकी दुरुस्तीला घेऊन कोणी दारात उभा राहिला, की त्या सेटला हात लावण्यापूर्वी मी आलेल्या गृहस्थाला एकच प्रश्न विचारतो: "बोलणं तुटलं तेव्हा तुम्ही कुठं उभे होता?" घड्याळजीने, घड्याळ थांबले त्या वेळी तुम्ही कोणत्या खोलीत बसला होता, असे विचारले तर जे भाव मुद्रेवर उमटतील तेच त्याच्या मुद्रेवर उमटतात. सेट मेलेला आहे, त्याला खोलावे, आतली काय ती चीज बदलावी आणि पैसे सांगावेत, अशा सरळ हिशेबाने तो आलेला असतो. त्याच्या उभ्या राहण्याच्या जागेची जबानी घेणारा कारागीर त्याला चमत्कारिक वाटला तर त्यात नवल नाही.

परंतु हा उटनूरचा मुलूख आहे. आदिलाबाद जिल्ह्याच्या वायव्येकडून आग्नेयेकडे तिरकी उतरत गेलेली सातमाळ्याची रांग या भागात इतक्या सोंडा आणि इतकी खोरी घेऊन पसरली आहे, की दोन माणसांमध्ये मैलभराचेही अंतर नसावे आणि तरीही एकाचा शब्द दुसऱ्यापर्यंत पोचू नये, हा येथे यंत्राचा दोष नसून भूमीचा स्वभाव ठरतो. या सेटांच्या लहरी दीडशे मेगाहर्ट्झच्या आसपासच्या, म्हणजे सुमारे दोन मीटर लांबीच्या. त्या जवळजवळ सरळ रेषेत धावतात, डोंगर आला की अडतात, आणि पाच वॅटची शक्ती खर्चूनही पलीकडच्या खोऱ्यात उतरण्याची फारशी तसदी घेत नाहीत. त्यात सागवानाचे जंगल. चैत्रात पाने झडून उघड्या झालेल्या रानातून जो आवाज स्वच्छ ऐकू येतो, तोच श्रावणात, ओल्या आणि सुपाएवढ्या पानांच्या भिंतींतून येताना दमतो. मग पावसाळ्यात सेट बिघडले अशी ओरड होते आणि निम्मे सेट माझ्या टेबलावर येऊन निरोगी निघतात. अशा सेटधन्याला मी एवढेच सांगतो, की पन्नास पावले वर चढा, एरियल आडवे न धरता उभे धरा, आणि मग बोला. सल्ल्याचे पैसे घेणे मला प्रशस्त वाटत नाही, आणि फुकटच्या सल्ल्यावर लोकांचा विश्वास बसत नाही, ही या धंद्यातली जुनी अडचण आहे.

जागेची चौकशी आटोपली, की दुसरी पायरी तक्रारीच्या शब्दांची. "ऐकू येतं, पण बोलता येत नाही," हे वाक्य मी नोकरीत आणि नोकरीनंतर इतक्या भाषांतून ऐकले आहे, म्हणजे मराठीतून, तेलुगूतून, गोंडीतून आणि दखनीतून, की ते उच्चारले जाताच माझा हात आपोआप बॅटरीकडे वळतो. ऐकताना सेट अगदी अल्पसंतुष्ट असतो. बोलण्यासाठी कळ दाबली की मात्र तो एकदम दीड अँपिअरच्या आसपास प्रवाह मागतो, आणि दिवसभर मुकाट चाललेली म्हातारी बॅटरी त्या एका मागणीसरशी कोसळते. जुन्या सेटांत बहुधा निकेल-कॅडमियमचे सहा सेल ओळीने जोडलेले असत, प्रत्येकी १.२ व्होल्टचे, मिळून ७.२. १८९९ साली स्वीडनच्या वाल्डेमार युंगनरने काढलेली ही जात पुढे सबंध विसावे शतक पुरली. नुसते मीटर लावून पाहिले तर काटा ऐटीत सातावर उभा राहतो, आणि ग्राहकही विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहतो. परंतु एरियल काढून तेथे पन्नास ओहमचा रोध बसवावा, मीटरच्या दोन्ही सुया बॅटरीच्या पत्र्यांवर टेकलेल्या ठेवाव्यात आणि मग कळ दाबावी, म्हणजे काटा साताचा पाचावर घसरतो, सेटचा तांबडा दिवा मंदावून थरथरतो, आणि एक केविलवाणी शिटी देऊन तो विझतो. पुढे खोके उकलले की सहांपैकी एक सेल दगाबाज सापडतो. बाकीचे पाच आपला प्रवाह त्याच्यातून रेटीत राहिल्यामुळे त्याचे टोक चक्क उलटे झालेले असते. तो एकटा बदलता येतो, पण जुन्या पाचांच्या संगतीत नव्याचे आयुष्य फारसे नसते, म्हणून मी सहाही बदलतो. सेलच्या पत्र्यावर थेट डाग देऊ नये. उष्णतेने नवा सेल जन्मतःच अधू होतो. बॅटरी पूर्ण न उतरवता चार्ज केल्याने तिला अर्ध्यावरच थकण्याची खोड लागते, हा समज सर्वत्र प्रचलित आहे आणि त्यात तथ्य नाही असे नाही. पण माझ्या मते त्या खोडीपेक्षा आठवडाभर चार्जरमध्ये तापत ठेवण्यानेच अधिक बॅटऱ्या मेल्या.

बॅटरी निर्दोष ठरली तर मग मनुष्याचा हात जेथे जेथे लागतो त्या जागा पाहाव्या, कारण आतल्या मंडलात, जेथे कोणाचे बोट पोचत नाही, तेथे बिघाड क्वचितच उत्पन्न होतो. कळेखालच्या रबरी गादीचा काळा लेप झिजलेला असतो. आवाजाची चक्री फिरवताच खरखर करते. तिच्यात शुद्ध अल्कोहोलचा एक थेंब सोडून ती वीसपंचवीस वेळा इकडून तिकडे फिरवली की बहुधा शांत होते. मायक्रोफोनच्या सुईएवढ्या छिद्रात, बोलणाऱ्याच्या व्यसनानुसार, तंबाखू किंवा सुपारीचा भुगा बसलेला असतो, आणि हा मनुष्य गुळमुळीत का बोलतो याचे पलीकडच्याला पडलेले कोडे टाचणीच्या टोकाने सुटते. स्पीकरच्या लोहचुंबकाने धुळीतले लोखंडी कण ओढून घेतलेले असतात. ते चिकटपट्टीने एकेक उचलावे लागतात, आणि या कामाला संध्याकाळचा उजेड चालत नाही.

एरियलविषयी मात्र थोडे रागावूनच लिहिले पाहिजे. सेट एरियलला धरून उचलणारे, त्याने पाठ खाजवणारे, आणि कंटाळा आला की ते मुळाशी पिळीत बसणारे असे तीन वर्ग मी पाहिले आहेत. रबराच्या आतले तारेचे वेटोळे तळाशी तुटते, वरून काहीच दिसत नाही. आणि अशा सेटवर, किंवा एरियल सपशेल काढून ठेवलेल्या सेटवर, कळ दाबून बोलत राहिले तर बाहेर पडू न शकलेली शक्ती माघारी फिरून शेवटच्या ट्रान्झिस्टरचा बळी घेऊ शकते. दुसऱ्या महायुद्धात शिकागोच्या गॅल्विन कंपनीने, जिचे नाव १९४७ साली मोटोरोला झाले, अमेरिकन लष्करासाठी एससीआर-५३६ हा पाचेक पौंडांचा हातसेट तयार केला. एरियल बाहेर ओढले की तो चालू होई, आत ढकलले की बंद. ही युक्ती पुढच्यांनी का सोडली कोण जाणे.

केसलापूरच्या नागोबाच्या यात्रेसारख्या गर्दीच्या ठिकाणी, पुष्य अमावास्येच्या सुमारास, सेट 'मध्येच बहिरा होतो' अशी एक तक्रार होऊ शकते, आणि तिला दुरुस्ती नाही. फ्रीक्वेन्सी मॉड्युलेशनचा असा धर्म आहे, की एकाच चॅनेलवर दोघांनी एकदम कळ दाबली तर जो प्रबळ तोच ऐकू येतो, दुर्बळाचा मागमूसही उरत नाही. जुन्या ॲम्प्लिट्यूड पद्धतीत निदान दोघांची झोंबी तरी कानावर आली असती.

आणि काही सेट खरोखरच धडधाकट असून बहिरे असतात, कारण त्यांच्यात ओळखीची खूण म्हणून भरलेला अश्राव्यप्राय स्वर बाकीच्यांशी जुळत नाही. तो बदलायचा तर संगणक हवा, आणि मोटोरोलाच्या जीपी-३०० सारख्या सेटांना तोही डॉसच्या काळातला, धिम्या चालीचाच हवा. नव्या, चपळ यंत्राशी त्यांची भाषाच जमत नाही. तसला एक संगणक मी घरात अद्याप जपून ठेवला आहे, आणि ज्या कोपऱ्यात तो आहे त्या कोपऱ्यावर घरातल्या इतरांचा ज्वारीच्या पोत्यांसाठी जुना दावा आहे. चॅनेल भरून देण्यापूर्वी मी परवान्याची नक्कल मागतो, कारण बिनतारी यंत्र बिनपरवाना बाळगण्यास १९३३ च्या कायद्यानेच मनाई केली होती, आणि लहरींची वाटणी आजही दिल्लीच्या कचेरीतून होते. यावर काहीजण रुसून जातात, काहीजण नक्कल घेऊन येतात. एका गृहस्थाने खिशातून लग्नपत्रिका काढून माझ्यापुढे ठेवली. वरातीच्या पुढच्या जीपला मागच्या बसशी बोलायचे होते, आणि मुहूर्त, तो म्हणाला, दिल्लीसाठी थांबत नाही.