उइरापुरुच्या शोधात (अ‍ॅमेझॉनची दैनंदिनी : लेखांक ३)

पहिला दिवस

ब्राझीलमधील मानाउस शहराला लागून असलेल्या, सुमारे १०० चौरस किलोमीटर क्षेत्राच्या आदोल्फो दुके राखीव वनात निरीक्षकांच्या गटाचा पहिला दिवस नावाचा घोळ निस्तरण्यातच गेला. कारण ‘उइरापुरु’ हे तुपी भाषेतून आलेले नाव तेथे रंगीबेरंगी मनाकिन पक्ष्यांनाही लावले जाते आणि ज्याच्या गाण्यापुढे सारे रान गप्प होते अशी लोकसमजूत आहे, त्या रेन कुळातील तपकिरी पक्ष्याला म्हणूनच ‘खरा उइरापुरु’ म्हणावे लागते.

दुसरा दिवस

दिवसभर पाऊस.

तिसरा दिवस

उजाडता उजाडता झुडपांतून शीळ आली. सुटे, गोल स्वर, त्यांच्यामधली मोठमोठी अंतरे आणि मध्येच बाटलीतून पाणी ओतल्यासारखी गुडगुड, अशी ती चाल एकदा कानात बसली की दुसऱ्या पक्ष्याची वाटत नाही. संगीतकार एमिली डूलिटल आणि जीवशास्त्रज्ञ हेन्रिक ब्रुम यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या गाण्यातील लागोपाठच्या स्वरांमध्ये संवादी अंतरे, म्हणजे आपल्याकडील षड्ज-पंचम, षड्ज-मध्यम किंवा पूर्ण सप्तक, विसंवादी अंतरांपेक्षा अधिक वेळा येतात असे दाखवले आहे. यावरून पक्षी राग जाणतो असा अर्थ अर्थातच निघत नाही, मात्र माणसाला त्यात ‘गाणे’ का ऐकू येते याचा उलगडा होतो. शीळ दहा पावलांवरची वाटत होती, तरी पक्षी दिसला नाही. ध्वनिमुद्रण वाजवून त्याला बाहेर काढण्याचा मोह गटाने आवरला, हे योग्यच झाले, कारण प्रतिस्पर्धी आल्याच्या भ्रमात पक्षी चरणे सोडून हद्द राखत बसतो.

चौथा दिवस

लष्करी मुंग्यांचा, म्हणजे कायमचे वारूळ न करता थव्याने शिकार करत फिरणाऱ्या मुंग्यांचा लोंढा वाटेवरून गेला. त्यांच्यापुढे पळणारे किडे टिपायला पक्षी जमतात आणि उइरापुरुही कधीकधी त्यांत असतो, म्हणून सर्वजण तेथेच बसून राहिले. आधी हलले ते एक वाळके पान. ते उलटले, बाजूला फेकले गेले आणि त्यामागून जेमतेम साडेबारा सेंटिमीटरचा पक्षी पुढे आला : गळा व छाती तांबूस, पंखांवर काळे आडवे पट्टे, मानेमागे काळ्या-पांढऱ्या रेघा आणि डोळ्याभोवती उघड्या कातडीचे फिकट निळे कडे. हे कडे दिसताच वहीतील कालच्या नोंदीपुढचे प्रश्नचिन्ह खोडण्यात आले, खरे तर ते शीळ ऐकली तेव्हाच खोडायला हरकत नव्हती. मागोमाग जोडीदार आला. दोघेही पाने उलटत उलटत पडलेल्या ताडाच्या झावळीखाली शिरले आणि त्यानंतर बराच वेळ फक्त पाचोळ्याची खसखस ऐकू येत राहिली.