कागद वाळेपर्यंत

जलरंगात काम करणाऱ्या माणसाच्या दाराची बेल आकाश ओलं असतानाच वाजते. मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. कोथरूडच्या आमच्या फ्लॅटची मागची बाल्कनी काचा लावून बंद केलीय, तोच माझा स्टुडिओ. कागद भिजवून त्यावर निळा सोडला की पुढची काही मिनिटं उठायची सोय नसते. एप्रिलात तर पुण्याची कोरडी हवा तेवढीही मुभा देत नाही, ब्रश कागदाच्या खालच्या टोकाला पोचेपर्यंत वरच्या रंगाने कड धरलेली असते. मध्येच उठून दार उघडून आलं आणि अर्धवट सुकलेल्या रंगावर पुन्हा पाणी लागलं, की ते पाणी आधीच्या रंगाला ढकलत सुटतं आणि स्वच्छ आकाशात फ्लॉवरचा गड्डा उगवतो.

बरं, बेल माझ्यासाठी असते असंही नाही. वरच्या मजल्याचं पार्सल असतं. "ताई, वॉचमन म्हणाला तुम्ही घरीच असता." गॅसवाला सिलिंडर आणतो आणि कोड मागतो. कोड नवऱ्याच्या फोनवर आलेला असतो आणि नवरा मीटिंगमध्ये असतो. शेजारच्यांची किल्ली आमच्याकडे, समोरच्यांच्या प्लंबरवर नजर ठेवायची तीही आम्हीच. यात कुणाचा दुष्टावा नाही. बघणाऱ्याला मी खुर्चीत बसून कागदाकडे टक लावलेली दिसते आणि या धंद्यातलं निम्मं काम खरोखरच कागदाकडे बघत बसण्याचं आहे. ते दाराबाहेरच्याला कसं पटवणार?

करमणुकीचं गणितही या ओल्या-कोरड्यावरच बसलंय. कच्चं रेखाटन चालू असताना मला पंख्याचाही आवाज नकोसा होतो. रंग भरायला लागले की कान मोकळे होतात, डोळे नाही. त्यामुळे सबटायटल वाचायला लागणारं सगळं बाद. मैत्रिणी कोरियन मालिकांबद्दल भरभरून बोलतात तेव्हा मी नुसती मान हलवते. कानांना काय चालतं याचाही एक नियम आहे: ते आधी ऐकलेलं हवं. रहस्यकथेचा नवा पॉडकास्ट लावला तर खुनी कळेपर्यंत ब्रश हवेतच राहतो. म्हणून यूट्यूबवरचे पु. ल. ‘म्हैस’ मला पाठ आहे. रस्त्यावर एसटी अडकणार, गर्दी जमणार, मग एकेकाच्या अकलेचे तारे तुटणार, सगळं माहीत असतं आणि तरीही हात न थांबता हसू येतं. एकटा माणूस नुसत्या आवाजावर अख्खी एसटी भरतो. त्यातल्या कुठल्याही उतारूचं चित्र मी डोळे मिटून काढून देईन. मात्र ‘अंतू बर्वा’ कामाच्या वेळी लावत नाही. त्याच्या शेवटाकडे रंग कालवणं जमत नाही.

डोळ्यांची करमणूक कागद वाळेपर्यंतची. पावसाळ्यात एक थर सुकायला इतका वेळ लागतो की बॉब रॉसचं एक चित्र पुरं होतं. हा अमेरिकन चित्रकार आधी वीस वर्षं हवाई दलात होता, त्यातली बरीच अलास्कात. त्याच्या चित्रांतले बर्फाचे डोंगर तिथलेच. १९८३ ते १९९४ या काळात त्याने टीव्हीवर ४०३ भाग केले, प्रत्येक भाग अर्ध्या तासाचा आणि बहुतेक वेळा त्यात एक अख्खं तैलचित्र. तो आधी कॅनव्हासवर पातळ पांढरा फासून घेतो आणि ओल्यावरच ओला रंग चढवत जातो, त्यामुळे वाळायची वाट बघण्याची त्याला गरजच नाही. जलरंगवाल्याला याचा हेवा वाटतो. आर्ट स्कूलमधून आलेली मंडळी त्याच्या नावाने नाक मुरडतात, आणि तो एकच झाड जन्मभर काढत राहिला हे मलाही मान्य आहे. पण प्रत्येक चित्र तो तीनदा काढायचा: एक चित्रीकरणाआधी, एक कॅमेऱ्यासमोर आणि एक नंतर पुस्तकासाठी. समोर आत्ता सुचतंय असं वाटणाऱ्या डोंगराचा नमुना कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर ठेवलेला असायचा. हे कळलं आणि तो मला जास्तच आवडायला लागला.

आमच्या आईंना, म्हणजे सासूबाईंना, तो आवडत नाही. "फार हळू बोलतो गं." त्यांचा लाडका शिकागोचा ज्युलियन बाउमगार्टनर. तो जुनी तैलचित्रं दुरुस्त करतो. कापसाचा बोळा रसायनात बुडवून पिवळं पडलेलं व्हार्निश हळूहळू पुसतो आणि काळ्या ठिक्कर चेहऱ्याखालून गुलाबी गाल निघतो. मग मूळ चित्रावर व्हार्निशचा एक थर देऊन त्याच्यावरच आपली रंगदुरुस्ती करतो, म्हणजे उद्या कुणाला ती काढून टाकायची झाली तर मूळ रंगाला धक्का लागू नये. त्याचं नाव आईंच्या जिभेवर बसत नाही. "कापूसवाल्याचं नवीन आलंय का?" असं विचारत त्या दुपारी बाल्कनीत येतात आणि पूर्ण व्हिडिओभर चित्रातल्या बाईचा गाल का तडकला असेल यावर बोलतात. हा व्यत्यय आहे की करमणूक, हे ठरवायच्या भानगडीत मी पडत नाही.

खरा घात ‘संदर्भ’ या शब्दाने होतो. परवा एका पोळ्याच्या गोष्टीसाठी बैलाचा मागचा पाय हवा होता. बैलाचा खूर शोधता शोधता मी स्कॉटलंडमध्ये गाईंचे खूर तासणाऱ्या माणसाच्या व्हिडिओंवर जाऊन पडले. ‘द हूफ जीपी’ नावाचं त्याचं चॅनल आहे. गाय लोखंडी पिंजऱ्यात उभी, मागचा पाय पट्ट्याने उचललेला, हा ग्राइंडरने खूर सोलतोय आणि आतून अडकलेला खडा निघतोय. एका बाजूच्या नखीला जखम असली तर तो दुसऱ्या, धडधाकट नखीखाली लाकडाचा ठोकळा चिकटवतो. दुखरी बाजू अधांतरी राहते आणि गाय लंगडायची थांबते. मी एकामागून एक बघतच गेले. आई मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"आडवं न पाडता करतोय?" त्या चकित झाल्या. त्यांच्या माहेरी नालबंद यायचा. चौघं मिळून बैलाला दोरीने खाली पाडायची, पाय बांधायचे, आणि खूर दुभंगलेला म्हणून एकेका पायाला दोन-दोन नाल ठोकायचे. बोलता बोलता त्यांनी माझी पेन्सिल घेतली आणि नखीचा कोन कसा असतो ते काढून दाखवलं. आईंनी काढलेली बैलाच्या पायाची ती रेघ अशी ठाम होती, की मी ती तशीच उचलली.

चित्र संपादिकेला पाठवलं. संध्याकाळी उत्तर आलं: खूर फारच छान झालेत, फक्त बैल थोडा हसरा करता येईल का?

आता हसऱ्या बैलाचा संदर्भ शोधायचा आहे. आईंनी चष्मा आणि खुर्ची दोन्ही आणून ठेवलंय.