दोघांच्या घराची रजा एकटीच्याच नावावर

बोरीवली (पश्चिम)

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र वाचलं. ‘तिथल्या बायका नोकरी आणि घर कसं जमवतात गं?’ असं विचारलंयस. एचआरमध्ये असल्यामुळे हा प्रश्न रोज माझ्या टेबलावर येतो, म्हणून उत्तर जरा लांबेल.

उज्ज्वला राजाध्यक्ष हे नाव ऐकलंयस का? तुझ्या शिकागोजवळच्या गव्हर्नर्स स्टेट युनिव्हर्सिटीत त्या व्यवस्थापन शिकवत आल्या आहेत. नोकरी आणि कुटुंब यांच्यातली ओढाताण हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. २००० साली दीप्ती भटनागर यांच्यासोबत त्यांनी ‘ह्यूमन रिलेशन्स’मध्ये एक शोधनिबंध लिहिला. नोकरी, पालकपण, सहजीवन आणि घर सांभाळणं या भूमिकांना माणसं किती मोल देतात, हे त्यांनी दोघंही करिअर करणाऱ्या भारतीय जोडप्यांत तपासलं. मला त्यातलं ‘जोडप्यांत’ फार मोलाचं वाटतं. आमच्याकडे कुटुंबाचा विषय निघाला की चर्चा फक्त बायकांची होते. नवऱ्याला कुणी काही विचारतच नाही.

आपल्या बोरीवलीचंच बघ ना. पश्चिम रेल्वेची पहिली लेडीज स्पेशल ५ मे १९९२ रोजी सुरू झाली, ती चर्चगेट ते बोरीवलीच. पुढच्या वर्षी ती विरारपर्यंत गेली. त्या गाडीने बायकांना केवढा दिलासा दिला! पण मेथी आजही डब्यातच निवडली जाते, कारण घरी पोचल्यावर दुसरी पाळी सुरू होते. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात आणि पुरुषांची ८८. २०१९मध्ये हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे बायकांची दहा मिनिटं वाचली, पण ती नवऱ्यांनी उचलली म्हणून नव्हे. त्यांचीही नऊ कमीच झाली.

कायदा मात्र बराच पुढे आलाय. २०१७पासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. ५० किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर हवं, आणि आईला दिवसातून चारदा तिथे जाता यायला हवं. पण सकाळी ८च्या लोकलमध्ये तान्हं बाळ घेऊन अंधेरीला कोण उतरणार? इथल्या आया बाळाला वझिरा नाक्याच्या नाहीतर बाभईच्या एखाद्या काकूंकडे ठेवतात आणि पैसे स्वतःच्या पगारातून भरतात. म्हणून मी ऑफिसात म्हणतेय, घराजवळच्या पाळणाघराचा खर्च कंपनीने द्यावा.

दुसरी गोष्ट मला जास्त छळते. ईएसआयचं, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचं, कवच नसेल, तर त्या २६ आठवड्यांचा पगार एकट्या मालकाने द्यायचा असतो. मग नुकतं लग्न झालेली मुलगी मुलाखतीला आली, की समोरचा मनातल्या मनात हिशेब मांडू लागतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ सालीच मुंबईच्या विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना सांगितलं होतं, की आईला विश्रांती मिळण्यात राष्ट्राचं हित आहे, म्हणून या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलायला हवा. पुढच्या वर्षी गिरणी-कारखान्यांतल्या बायकांसाठी मुंबई इलाख्यात कायदा झाला. ते म्हणणं मला आजही तंतोतंत पटतं.

आणि बाप? केंद्र सरकारी नोकरीत त्याला १५ दिवस मिळतात. खाजगी नोकरीत कायद्याने एकही नाही; कंपनी देईल तेवढंच. जोवर रजा फक्त बाईच्या नावावर आहे, तोवर कामावर घेताना धोका फक्त तिचाच दिसणार आणि घरी बाळही तिचंच राहणार. तोल साधायला आपण बायकांना शिकवत बसतो, पण खरं तर ऑफिसच्या वेळा, पाळणाघर आणि बापाची रजा बदलायला हवी.

तुमच्याकडे अमेरिकेत १९९३च्या कायद्याची रजा १२ आठवड्यांची आणि बिनपगारी, पण ती बापालाही मिळते. तुझ्या नवऱ्याने लेकीच्या वेळी घेतली होती ना? किती दिवस घेतली, साहेब काय म्हणाले, परत गेल्यावर कामात काही अडलं का, सगळं त्याच्याकडूनच लिहून घे. पुढच्या महिन्यात आमच्या ऑफिसात बापांच्या रजेचा प्रस्ताव मांडतेय. तिथे एका बापाचा अनुभव हाताशी असला, तर माझ्या बोलण्याला वजन येईल.

लेकीला खूप पापे.

तुझी,
बोरीवलीची मैत्रीण