विझलेला डायल, न विझलेले रेडियम

१/ कोल्हापूरच्या उद्यमनगरातील एका गॅरेजमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील एक जीप दुरुस्तीला उभी होती. इंजिन सुरू झाले होते, ब्रेक लागत होते. तक्रार एकच उरली होती : रात्री डॅशबोर्डवरचे आकडे दिसत नव्हते. मिस्त्रींनी तरुण मालकाला सोपा उपाय सांगितला. "काय न्हाई दादा, काच काढतो, जुना रंग खरवडतो आणि वरनं नवं रेडियम मारतो."
या वाक्यातील 'रेडियम' या शब्दामागे मोठा इतिहास आहे. तो माहीत नसेल, तर 'खरवडतो' हा शब्द महागात पडू शकतो.

२/ महाराष्ट्रात गावोगावी 'रेडियम आर्ट'च्या पाट्या दिसतात. नंबरप्लेटवरचे आकडे, ट्रकमागचे देवाचे नाव, सायकलच्या मडगार्डवरची पट्टी, सगळ्याला आपण रेडियमच म्हणतो. वास्तविक त्यात रेडियमचा कणही नसतो. त्या पट्ट्या समोरून आलेला प्रकाश आल्या दिशेने परत पाठवतात, एवढेच. स्वतःचा उजेड त्यांना नाही. नाव मात्र एका खऱ्या मूलद्रव्याचे आहे.

३/ मेरी आणि पिएर क्युरी यांनी १८९८ मध्ये रेडियमचा शोध लावला. त्याच्या क्षाराचा अत्यल्प अंश झिंक सल्फाइडमध्ये मिसळला, की रेडियममधून निघणाऱ्या किरणांच्या आघाताने झिंक सल्फाइड हिरवट प्रकाश देऊ लागते. हा रंग दिव्याविना, विजेविना अखंड उजळत राहतो. खंदकातील सैनिकाला किंवा रात्री उडणाऱ्या वैमानिकाला याहून सोयीचे काय असणार? दिवा लावला तर शत्रूला ठिकाण कळते, आणि न लावला तर काटा दिसत नाही. पहिल्या महायुद्धाने या रंगाला मोठी बाजारपेठ मिळवून दिली.

४/ अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात ऑरेंज या गावी १९१७ मध्ये असे डायल रंगवण्याचा कारखाना सुरू झाला. पुढे ही कंपनी 'युनायटेड स्टेट्स रेडियम कॉर्पोरेशन' या नावाने ओळखली गेली आणि तिच्या रंगाचे नाव होते 'अनडार्क'. रंगवण्याचे काम तरुण मुली करत, काही तर जेमतेम चौदा-पंधरा वर्षांच्या. आकडे बारीक असत आणि कुंचल्याचे टोक सारखे पसरत असे. ते ओठांत धरून टोकदार करायचे, रंगात बुडवायचे, आकडा काढायचा आणि पुन्हा ओठांत धरायचे, अशी कामाची रीतच मुलींना शिकवली जाई. संध्याकाळी घरी परतताना त्यांचे केस आणि कपडे अंधारात चमकत.

५/ रासायनिकदृष्ट्या रेडियम कॅल्शियमच्या कुळातले असल्यामुळे शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत साठवते. मुलींचे दात पडू लागले, जबड्याची हाडे कुजू लागली. १९२२ मध्ये मॉली मॅगिया ही तरुणी मरण पावली, तेव्हा मृत्यूचे कारण 'उपदंश' असे नोंदवले गेले. शरीर आधीच पोखरलेले आणि वर चारित्र्यावर डाग! १९२५ मध्ये डॉ. हॅरिसन मार्टलँड यांनी या आजाराचे मूळ रेडियममध्ये असल्याचे दाखवून दिले. १९२७ मध्ये मॉलीचा मृतदेह उकरून तपासला गेला. तिच्या हाडांत रेडियम सापडले आणि तिच्यावरचा कलंक पुसला गेला.

६/ ग्रेस फ्रायर आणि तिच्या चार सहकारी स्त्रियांनी कंपनीवर दावा लावला. वकील मिळवण्यातच तिची दोन वर्षे गेली होती. सुनावणी लांबत राहिली आणि वादी मात्र दिवसागणिक खंगत होत्या. अखेर जून १९२८ मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड झाली. प्रत्येकीला १०,००० डॉलर रोख, वर्षाला ६०० डॉलर आणि औषधोपचाराचा खर्च देण्याचे ठरले. त्याच वर्षी या रंगाचा जनक सबीन फॉन सोचॉकी हाही रेडियमच्याच दुष्परिणामाने मरण पावला.

७/ या स्त्रियांच्या शरीरांवरून विज्ञानाने धडा घेतला. माणसाच्या शरीरात किती रेडियम असले तर धोका संभवतो, याची मर्यादा अमेरिकेत १९४१ मध्ये ठरली ती मुख्यतः त्यांच्या तपासण्यांच्या आधारे. मात्र रंगाचा वापर थांबला नाही. दुसऱ्या महायुद्धात विमानांचे आणि काही लष्करी वाहनांचे डायल याच रंगाने रंगवले गेले.

८/ युद्ध संपल्यावर लष्कराने काढून टाकलेल्या जीपगाड्या भारतातही विकल्या गेल्या. १९४७ पासून महिंद्रांनी मुंबईत विलिज जीपची जुळणी सुरू केली आणि जीप ग्रामीण महाराष्ट्राच्या ओळखीची झाली. आज हौशी मंडळी युद्धकाळातील गाड्या शोधून पुन्हा उभ्या करतात. अशा एखाद्या गाडीच्या डायलवर मूळ रंग अजूनही असू शकतो.

९/ गंमत, किंवा शोकांतिका म्हणा, पुढेच आहे. असा डायल आज काळवंडलेला, तपकिरी दिसतो. झिंक सल्फाइड किरणांच्या माऱ्याने काही वर्षांत निकामी होते. रेडियमचे अर्धायुष्य मात्र सुमारे १,६०० वर्षांचे आहे. ऐंशी वर्षांत त्यातले फार तर तीन-चार टक्के कमी झाले असेल. चमक गेली, किरणोत्सर्ग तसाच राहिला. काच बंद असेपर्यंत धोका कमी असतो. रंग खरवडला की त्याची धूळ श्वासातून किंवा हातांवाटे पोटात जाते, म्हणजे कुंचल्याचीच वाट पुन्हा मोकळी होते.

१०/ मग अंधुक डॅशबोर्डचे करायचे काय? दोष बहुधा रंगात नसतोच, विजेच्या वाटेत असतो. या जीपची यंत्रणा ६ व्होल्टची. गंजलेला अर्थ, सैल होल्डर किंवा झिजलेला स्विच यांत अर्धा-पाऊण व्होल्ट सहज हरवतो. तारेच्या बल्बला मिळणारा दाब दहा टक्क्यांनी घटला, तर उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो. म्हणून आधी अर्थची जागा घासून चकचकीत करावी, होल्डर साफ करावेत आणि काळा पडलेला बल्ब बदलावा. एलईडी बसवायचाच असेल तर तो ६ व्होल्टचा आणि योग्य ध्रुवतेचा हवा. बाजारात सहज मिळणारा १२ व्होल्टचा येथे चालणार नाही.

११/ आणि जुन्या लष्करी डायलची काच उघडण्यापूर्वी किरणोत्सर्ग मोजणाऱ्या यंत्राने तो तपासून घ्यावा. काटा हलला, तर डायल जसाच्या तसा बंद ठेवावा. घासू नये, भंगारात टाकू नये. अणुऊर्जा नियामक मंडळाचे मुख्यालय मुंबईतच आहे, विचारणा तेथे करावी.

१२/ उद्यमनगरातील तरुणाने हे सारे मिस्त्रींना सांगितले. त्यांनी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि पहिला प्रश्न विचारला, "त्या पोरींना कुणी सांगितलं न्हवतं?"
सांगितले नव्हते. उलट हा रंग निरुपद्रवी आहे, असेच त्यांना सांगितले गेले होते.
डायलची काच उघडली गेली नाही. अर्थची तार मात्र बदलली गेली, आणि त्या रात्री आकडे दिसले.