बाविसावा रकाना

सरकारी कागदांशी माझा जन्माचा ऋणानुबंध. पस्तीस वर्षे कारकुनी केली, आणि त्यातली बरीचशी नव्या उमेदवारांची चारित्र्य पडताळणीची प्रकरणे पोलिसांकडे धाडण्यात गेली. "आपणाविरुद्ध कधी गुन्हा नोंदला गेला होता काय?" या प्रश्नापुढचे "नाही" मी इतक्या हस्ताक्षरांत वाचले आहे की, कोणते "नाही" धीट आणि कोणते भ्यालेले, हे मला शाईवरून कळे, अशी माझी आपली एक प्रौढी आहे.

पण गेल्या उन्हाळ्यात व्हर्जिनियात धाकट्या बहिणीकडे गेलो, तेव्हा पाहिलेला कागद आमच्या नमुन्यांचा पणजोबा शोभावा असा होता. भाचा तिथेच जन्मलेला, तिथलाच नागरिक, धंद्याने इंजिनिअर. संरक्षण खात्याच्या कामावर जायचे तर सरकारी गुपिते हाताळण्याचा परवाना हवा. त्याला तिकडे 'सिक्युरिटी क्लिअरन्स' म्हणतात. त्यासाठीच्या 'एस. एफ. ८६' या अर्जाची कोरी पानेच शंभरावर! राहती घरे, नोकऱ्या, ओळखीची माणसे, जवळचे परदेशी आप्त. त्यात मीही आलोच.

घोडे अडले ते बाविसाव्या भागाशी. कॉलेजात असताना, एकविसाव्या वर्षी, पोराला दारू पिऊन मोटार हाकल्याबद्दल पोलिसांनी धरले होते. वकिलाने रदबदली करून आरोप बेदरकारपणे मोटार हाकण्यावर आणला. दंड भरला आणि प्रकरण मिटले. मिटले म्हणजे घरात त्याचा उच्चार बंद झाला. या गोष्टीला दहा वर्षे झाली, आणि मला ती त्या दिवशी प्रथम कळली.

"दादा, तूच सांग याला," बहीण म्हणाली, "सात वर्षांतलंच विचारलंय ना? मग आपण होऊन कशाला उकरायचं?"

"आई, पुढचा प्रश्न वाच," भाचा म्हणाला.

सात वर्षांची मुदत अर्जात आहे खरी, पण सगळ्या प्रश्नांना नाही. दारूच्या किंवा अमली पदार्थांच्या गुन्ह्याचा आरोप 'कधीही' ठेवला गेला होता का, हा प्रश्न वेगळाच आहे. शिवाय तो शिक्षेविषयी नाही, आरोपाविषयी आहे. एखादा अपवाद सोडला तर कोर्टाने बासनात बांधलेले प्रकरणही सांगावे लागते.

निर्णय कसा होतो, तेही मी त्याच्याकडून समजून घेतले. २०१७ च्या जूनपासून लागू झालेली १३ तत्त्वे आहेत. दारूचे एक, गुन्ह्यांचे एक, वर्तनातल्या सचोटीचे एक. मला वाटले होते, हा नुसता कोयता असेल. पण वय काय होते, काळ किती लोटला, पुन्हा घडले का, माणूस सुधारला का, असा सबंध माणूस तोलायला त्यांत सांगितले आहे. जाणूनबुजून लपवले तर मात्र ते स्वतंत्र दूषण. शिवाय खोट्या जबाबाला ५ वर्षांपर्यंत कैद. कारणही पटण्याजोगे आहे. ज्याला आपली जुनी गोष्ट उघडी पडण्याचे भय, त्याला कोणीही धमकावून गुपिते काढून घ्यावीत!

आपले सर्वोच्च न्यायालय मला जरा अधिक मायाळू वाटते. २०११ साली दिल्ली पोलिसांतल्या एका उमेदवाराने अर्जात न सांगितलेला मारामारीचा खटला न्यायालयाने तरुण वयातला अविचार म्हणून पोटात घातला, आणि निकालपत्रात व्हिक्टर ह्यूगोच्या पाव चोरणाऱ्या जाँ वालजाँची आठवण काढली. पुढे २०१६ च्या अवतार सिंग खटल्यात तीन न्यायमूर्तींनी नियम बांधून दिले: माहिती खरीच द्यावी; क्षुल्लक गोष्ट लपवली तर नेमणूक करणाऱ्याला क्षमा करता येईल; पण खरे सांगितले म्हणून नोकरी द्यावीच असेही नाही.

हे शेवटचे वाक्य बहिणीला सांगायला नको होते, पण ते तिने स्वतःच हेरले. "म्हणजे खरं लिहूनही हुकू शकते?"

"हुकू शकते," मी म्हणालो. "तरी लिहू दे."

"तुला काय जातंय सांगायला! पोर माझं आहे."

यावर मला उत्तर नव्हते. आईची धास्ती कोणत्या कलमात बसवणार? भाच्याने तारीख, गाव, कोर्ट, मूळ आरोप, सगळे लिहिले. बहिणीने त्या रात्री आम्हा दोघांनाही मुकाट्याने वाढले.

शरद ऋतूत तिचा फोन आला. तपासनीस येऊन शेजारणीला विचारून गेला होता, मुलगा पितो का म्हणून. शेजारणीने ते कुंपणावरून हिला सांगितले. दोन दिवस बहीण घराबाहेर पडली नाही. तिसऱ्या दिवशी चकल्यांचा डबा घेऊन शेजारणीकडे गेली, आणि दहा वर्षांपूर्वीची ती रात्र तिने आपल्या तोंडाने सांगितली.

परवान्याचा निकाल अजून यायचा आहे.